लोरा रिसीव्हरचा नॉइज: एलएनए लावण्याआधी स्वतःचा डबा ऐका

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिककडच्या द्राक्षबागेत ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारे नोड (बॅटरीवरचे छोटे रेडिओ बोर्ड) बसवायचे आहेत. पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, रेडिओ चिप एसएक्स १२७६, पद्धत लोरा (कमी पॉवरवर लांब पल्ला देणारी), बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, स्प्रेडिंग फॅक्टर (प्रत्येक चिन्ह किती लांबवून पाठवायचं तो आकडा) ९. उघडा बोर्ड हातात धरून बागेत फिरलं तर अडीच किलोमीटरवरूनही गेटवेचा, म्हणजे मुख्य केंद्राचा, हुकूम ऐकू येतो. तोच बोर्ड सोलर चार्जर, बॅटरी आणि व्हॉल्व्हच्या वायरींसकट डब्यात घातला की नऊशे मीटरच्या पुढे बहिरा. हवेत काहीच सिग्नल नसताना आरएसएसआय (रिसीव्हरला मिळणाऱ्या पॉवरचं माप) उणे १०१ डीबीएम (एका मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबल) दाखवतो. १५ डीबी गेनचा एलएनए (स्वतः कमी नॉइज घालणारा ॲम्प्लिफायर) लावून पाहिला. आकडे वाढले, पॅकेटं वाढली नाहीत. आता मोठा अँटेना घ्यावा की आणखी चांगला एलएनए?

दोन्ही नको. एलएनए काढून ठेवा, अँटेना आहे तोच राहू द्या. तुमचा रिसीव्हर बहिरा नाही, त्याच्या कानाशी कोणीतरी मिक्सर लावून बसलं आहे (स्वयंपाकघरातला म्हणतोय, रेडिओतला नव्हे). आणि तो मिक्सर बहुतेक तुमच्याच डब्यात आहे.

आधी हिशोब करून घेऊ, कारण तो केला की निम्मा शोध तिथेच संपतो. १९२८ साली बेल लॅबमधल्या जॉन्सन यांनी मोजून आणि नायक्विस्ट यांनी सूत्र मांडून दाखवलं की कुठलाही रोध नुसता गरम आहे एवढ्याच कारणाने नॉइज देतो. खोलीच्या तापमानाला तो हर्ट्झमागे उणे १७४ डीबीएम. १२५ किलोहर्ट्झसाठी त्यात ५१ डीबी मिळवा, झाले उणे १२३. चिपची स्वतःची नॉइज फिगर (ती आपल्याकडून किती नॉइज घालते तो आकडा) ६ डीबीच्या आसपास धरा, झाले उणे ११७. तुमच्या रिसीव्हरला एवढी शांतता मिळायला हवी होती. मिळतेय उणे १०१. सोळा डीबी जास्त, म्हणजे पॉवरमध्ये चाळीसपट गोंगाट. आरएसएसआय रजिस्टर दोन-चार डीबी इकडेतिकडे खोटं बोलतं हे मान्य, पण सोळा डीबी खोटं बोलत नाही.

आता हे अंतराशी ताडून पाहा. मोकळ्या आकाशात सोळा डीबी गेले तर पल्ला सहापटीहून जास्त आटेल. पण बागेत, जमिनीलगत, मांडवाच्या तारा आणि पानांमधून सिग्नल अंतराच्या साधारण साडेतीन ते चार घाताने पडतो. तिथे सोळा डीबी म्हणजे अडीच ते २.९ पट. अडीच किलोमीटरला पावणेतीनने भागा. नऊशे मीटर. तुमचा आकडा जवळजवळ तोच आहे. म्हणजे अँटेना बिघडला, मॉड्यूल नकली निघालं, स्प्रेडिंग फॅक्टर चुकला, या सगळ्या शंका आत्ता बाजूला ठेवता येतात. गेलेला पल्ला गोंगाटानेच खाल्लाय.

एलएनएने काही का झालं नाही, तेही याच हिशोबात आहे. साखळीतल्या पहिल्या टप्प्याचा नॉइज पूर्ण मोजला जातो आणि पुढच्या टप्प्याचा नॉइज पहिल्याच्या गेनने भागला जातो, हे फ्रिस यांचं १९४४ मधलं सूत्र. १ डीबी नॉइज फिगर आणि १५ डीबी गेनचा एलएनए ६ डीबीच्या चिपपुढे लावला तर एकूण आकडा १.३ डीबीवर येतो. साडेचार डीबीहून जास्त फायदा, कागदावर. पण तो फायदा चिपच्या स्वतःच्या नॉइजवर आहे. तुमचा गोंगाट अँटेनातूनच आत येतोय, आणि एलएनए त्याला सिग्नलइतकंच मोठं करतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर तो करंट खातो, जो बॅटरीवरच्या नोडला परवडत नाही.

एलएनएचा दुसरा धोका आपल्याकडे जास्त आहे, त्यामुळे तो सांगूनच पुढे जातो. आपला विनापरवाना पट्टा आधी ८६५ ते ८६७ होता, २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत गेला. आणि ८६९ मेगाहर्ट्झपासून वर मोबाइल टॉवरचा डाउनलिंक (टॉवरकडून फोनकडे जाणारा सिग्नल) सुरू होतो. अवघ्या एका मेगाहर्ट्झची भिंत. युरोपातली डिझाइनं पाहून लोक बोर्ड बनवतात आणि शेजारी कोण राहतो हे विसरतात. टॉवर अर्ध्या किलोमीटरवर असेल तर रुंद पट्ट्याचा एलएनए त्याची पॉवर आधी मोठी करतो आणि मग चिपच्या तोंडात कोंबतो. मग चिप स्वतःच आत नवे सिग्नल तयार करते, जे हवेत नव्हतेच.

हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. अँटेना आणि रिसीव्हरच्या मध्ये ३ डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) घाला. बाहेरून आलेला प्रामाणिक गोंगाट ३ डीबीने उतरेल. पण तो रिसीव्हरच्या आत तिसऱ्या क्रमाच्या इंटरमॉड्युलेशनने (मोठे सिग्नल चिपच्या आत एकमेकांत मिसळून) तयार होत असेल तर जवळपास ९ डीबीने कोसळेल. असं झालं तर उपाय एलएनए नव्हे, सॉ फिल्टर (आपला पट्टाच आत सोडणारा), आणि तोही सगळ्यात पुढे. फिल्टरचा दोनेक डीबी तोटा थेट नॉइज फिगरमध्ये जातो हे खरं, पण टॉवरजवळ तो सौदा मी डोळे मिटून करेन. त्याच्याकडून चमत्कार मात्र मागू नका. एका मेगाहर्ट्झच्या भिंतीत त्याचा उतार कितीसा बसणार? तो ८७५ च्या वरचं बरंच रोखतो, अगदी ८६९ वरचं फारसं नाही.

आता शोध. यासाठी स्पेक्ट्रम ॲनालायझर लागत नाही. एक ५० ओहमचा टर्मिनेटर (अँटेनाच्या जागी लावायचा रोध), एक आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), आणि कोॲक्सच्या तुकड्याच्या टोकाला मधली तार वळवून जाळीला जोडून केलेलं बोटाएवढं लूप. हे सगळं लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत एका फेरीत मिळतं.

पहिलं माप: डब्यात सगळं नेहमीसारखं चालू ठेवून अँटेनाच्या जागी टर्मिनेटर लावा. आरएसएसआय उणे ११५ च्या आसपास गेला तर चिप आणि तिचा सप्लाय ठीक आहेत, गोंगाट हवेतून अँटेनात शिरतोय. तो उणे १०१ वरच राहिला तर गोंगाट तांब्यातून, म्हणजे सप्लाय किंवा ग्राउंडमधून आत घुसतोय. दोन्ही रोगांचं औषध वेगळं, म्हणून हे माप चुकवू नका. दुसरं माप: अँटेना तीन मीटर केबलने डब्यापासून लांब नेऊन बघा. आरजी १७४ सारखी बारीक केबल या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे एक डीबीच्या आसपास खाते, तेवढं वजा करा. त्याहून बरंच जास्त उतरलं तर चोर डब्यात आहे. उतरलं नाही तर चोर बागेत आहे. तिसरं माप फुकट आहे: रात्री मोजा. सोलर चार्जर रात्री झोपतो. दिवसा उणे १०१ आणि रात्री उणे ११० असेल तर नऊ डीबीचं नाव तुम्हाला कळलं.

मोजताना एकच आकडा लिहू नका. दर मिलिसेकंदाला आरएसएसआय वाचून हजार-दोन हजार आकडे जमवा आणि किमान, मध्यक, कमाल बघा. गोंगाट सलग असेल तर तिन्ही जवळजवळ राहतात. मध्यक उणे ११४ आणि कमाल उणे ९५ असेल तर काहीतरी ठरावीक वेळाने ठोके देतंय, आणि तसा संशयित तुमच्या बोर्डवर एकच आहे: हलक्या लोडवर पल्स गाळत चालणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग सप्लाय).

मध्यकाची हीच युक्ती मोठी माणसंही वापरतात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाचे तीस अँटेना, आकाशातला अतिक्षीण सिग्नल ऐकायला. त्यांचाही मोठा त्रास म्हणजे वीजवाहिन्यांवरच्या ठिणग्या. दुर्बिणीच्या नव्या यंत्रणेत मध्यकापासून फार उडालेले नमुने ओळखून तिथल्या तिथे बदलून टाकायची सोय केली आहे. जीएमआरटीच्या एलएनएंना अतिशीत करून ठेवलेलं नाही, कारण त्यांच्या खालच्या पट्ट्यांत आकाशच एवढं गरम दिसतं की एलएनए थंड करून हाती फार लागत नाही. तुमच्या अँटेनाचंही तसंच. तो क्षितिजाकडे आणि जमिनीकडे बघतो, आणि जमीन २९० केल्विनच्या आसपास गरम आहे. म्हणून उणे १२३ च्या खाली तुम्हाला कुठलाही पैसा नेणार नाही.

आता डब्यातल्या चोरांकडे वळू. ज्याने मला सगळ्यात जास्त छळलं त्याच्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या वर्णनात तोही असू शकतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाण्याच्या मीटरचे नोड केले होते, याच पट्ट्यातले. उन्हाळ्यात चाचण्या उत्तम झाल्या. डिसेंबरात तक्रार आली की पहाटे पाच ते आठ या वेळेत डोंगरावरच्या वस्तीतले मीटर उत्तर देत नाहीत, ऊन वर आलं की देतात. आम्ही दवाला दोष दिला, अँटेनाला दिला, बॅटरीलाही दिला. एलएनए लावून पाहिला. तुमच्यासारखाच, म्हणून तर हे लिहितोय. दोन महिने गेले. शेवटी एका सहकाऱ्याने बोर्ड फ्रिजमध्ये ठेवला आणि डोंगलवर स्पेक्ट्रम बघत बसला. एक जाडसर रेघ ८६४ च्या आसपासून हळूहळू सरकत आमच्या चॅनेलवर येऊन बसली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्रोसेसर आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर (क्रिस्टलशिवायच्या घड्याळावर) चालत होता. कुठल्याही घड्याळाच्या पटींवरही सिग्नल निघतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. १६ ला ५४ ने गुणा: ८६४. आमचा चॅनेल ८६५.०६२५ वर. तिथे पोचायला ऑसिलेटरने फक्त ०.१२ टक्के सरकायचं होतं, आणि आरसी ऑसिलेटर तापमानाने एक टक्काही सरकतो. उन्हाळ्यात रेघ दूर असायची, थंडीत डोक्यावर. लोरा एखादा स्वच्छ सूर बऱ्यापैकी पचवतो, पण आरसी ऑसिलेटरचा चौपन्नावा हार्मोनिक स्वच्छ सूर नसतो. त्याचा थरथराटही चौपन्नपट होऊन तो चॅनेलभर पसरतो, आणि पसरला की तो नॉइजच.

इलाज खर्चाविना झाला. ऑसिलेटरच्या ट्रिम रजिस्टरमध्ये एक टप्पा खाली आलो, साधारण अर्धा टक्का. चौपन्नाव्या हार्मोनिकवर तो चार मेगाहर्ट्झहून जास्त होतो, म्हणजे रेघ पट्ट्याच्या बाहेर, आणि सिरियल पोर्टच्या वेगाला अर्ध्या टक्क्याने काही बिघडत नाही. पुढच्या आवृत्तीत याहून सरळ गोष्ट केली: रेडिओ ऐकत असताना प्रोसेसर झोपतो, पॅकेट आलं की चिपची इंटरप्टची तार त्याला उठवते. ज्याचं घड्याळच बंद आहे त्याला हार्मोनिक कुठले? बॅटरीही वाचते.

तुमच्या बोर्डचा गुणाकार तुम्हीच करा. ८, १२, १६, २४, ३२, ४८ या सगळ्यांची एक पट नेमकी ८६४ वर येते. क्रिस्टल असेल तर रेघ तिथेच गप्प बसते आणि तुमच्या चॅनेलपासून एक मेगाहर्ट्झ लांब राहते, चालून जातं. १ मेगाहर्ट्झची एसपीआय (चिपांमधल्या डेटाच्या तारांची) घड्याळं मात्र ८६५, ८६६, ८६७ तिन्ही ठिकाणी ठोकतात. ऐकण्याच्या वेळेत बसवर काहीही पाठवू नका, पिनांची गती सगळ्यात मंद ठेवा आणि त्या तारांवर ३३ ते १०० ओहमचे रोध मालिकेत घाला. कडा जितक्या बोथट, वरचे हार्मोनिक तितके कमी.

दुसरा चोर बक कन्व्हर्टर, आणि तुमच्याकडे बहुधा दोन आहेत: एक चार्जरमधला, एक ३.३ व्होल्टचा. बाजारातली तयार छोटी मॉड्यूलं वापरली असतील तर त्यातला इंडक्टर उघडा असतो आणि इनपुटचा कपॅसिटर चिपपासून सेंटिमीटरभर लांब. खरा गोंगाट त्या इनपुट कपॅसिटर आणि स्विचच्या छोट्या वेटोळ्यातून निघतो, आउटपुटच्या रिपलमधून नव्हे. लोक आउटपुटला हजार मायक्रोफॅरड लावतात आणि विचारतात फरक का नाही पडला. वेटोळं लहान करा, इंडक्टर झाकलेला घ्या, रेडिओचा सप्लाय वेगळ्या एलडीओतून (स्विचिंग न करणाऱ्या रेग्युलेटरमधून) द्या. रेडिओच्या पिनेशी १०० नॅनोफॅरडबरोबर ४७ ते १०० पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर हवाच, कारण ८६६ मेगाहर्ट्झला शंभर नॅनोवाला कपॅसिटर राहत नाही, इंडक्टर होतो. फेराइट बीड निवडतानाही पाकिटावरचा आकडा १०० मेगाहर्ट्झवरचा आहे हे लक्षात ठेवा. आलेखात आपल्या फ्रिक्वेन्सीला काय उरतंय ते पाहा.

पण बोर्ड आधीच छापून झाले असतील, आणि असतीलच, तर फर्मवेअरकडून काम घ्या. नोड ऐकतो किती वेळ? मिनिटाला सेकंदभर धरा. तेवढा वेळ पॅनेलची तार एका मॉसफेटने तोडली तर दिवसभराच्या चार्जिंगमध्ये दोन टक्केही जात नाहीत, आणि चार्जर गप्प होतो. बकला सक्तीने सलग चालवायची पिन असेल तर त्या सेकंदापुरती ती ओढा. पल्स गाळणं थांबतं, गोंगाट ठरावीक जागी जातो. मला विचाराल तर कमी पॉवरच्या रिसीव्हरमध्ये याहून स्वस्त डीबी दुसरीकडे मिळत नाहीत.

बँडविड्थ निम्मी करून ३ डीबी मिळवायचा मोह होईल. ६२.५ किलोहर्ट्झला जा, पण आधी क्रिस्टल बघा. दोन्ही टोकांना १० पीपीएम (दशलक्षात दहा भाग) चूक म्हणजे ८६६ मेगाहर्ट्झवर सतरा किलोहर्ट्झचा फरक, आणि लोरा साधारण बँडविड्थच्या चौथाईपर्यंत सहन करतं. सतरा आणि साडेपंधरा. नेमकं बसत नाही. टीसीएक्सओ (तापमानाने न सरकणारा क्रिस्टल ऑसिलेटर) असेल तरच त्या वाटेला जा.

आणि शेवटचा चोर, ज्यावर मी तुमच्या बाबतीत पैज लावेन: वायरी. उघडा बोर्ड हातात चालतो आणि डब्यात चालत नाही, याचं सगळ्यात साधं उत्तर हेच की डब्यात त्याला दोन लांब शेपट्या फुटल्या. एक पॅनेलची, एक व्हॉल्व्हची. व्हॉल्व्हची तार दहा-पंधरा मीटर असेल. या फ्रिक्वेन्सीला पाव तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटरच्या थोडी वर भरते. तुमच्या अँटेनापासून तेवढ्याच अंतरावरून ती तार जात असेल तर तोच एक अँटेना झाला, बोर्डावरचा सगळा कचरा बाहेर फेकणारा. आधी दोन्ही तारा उपटून आरएसएसआय बघा, मग एकेक जोडा. ज्या तारेने आकडा उडी मारतो तिला डब्यात शिरते तिथेच, बोर्डापाशी नव्हे, फेराइटच्या कड्यातून दोन-तीन वेढे द्या आणि प्रत्येक तारेपासून ग्राउंडला १०० पिकोफॅरड लावा. अँटेना डब्याच्या दुसऱ्या टोकाला, जमल्यास तारांहून फूटभर वर न्या. डबा लोखंडी असेल तर अँटेना बाहेरच हवा, आणि त्याच्या केबलची जाळी डब्याला जिथे भोक आहे तिथेच कसून टेकवा.

हे क्रमाने केलं तर उणे ११२, उणे ११३ पर्यंत यायला हरकत नाही. अंतर दोन किलोमीटरच्या आसपास परत येईल. तिथे थांबा, उरलेल्या चार डीबीसाठी नवा बोर्ड छापावा लागेल आणि ठिबकच्या व्हॉल्व्हला त्याची गरज नाही. टर्मिनेटरचा आकडा, रात्रीचा आकडा आणि वायरी उपटून आलेला आकडा, हे तिन्ही कळवा. टॉवर किती लांब आहे तेही लिहा.